खाटेवरचा माग

आक्का, आता मी बोलणार आणि तू ऐकायचंस. मध्ये तोंड घालायचं नाही. उभ्या जन्मात तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. मी "आज शाळेत काय झालं" म्हणून सुरू केलं, की तू "ते ऱ्हाऊ दे, आधी तांब्याभर पाणी पी" म्हणून मोडता घालायचीस. आज तुझं काही चालायचं नाही.

दरवर्षी मी कडोलीच्या साहित्य संमेलनाला जायची, आणि परत आले की तू सोप्यात वाट बघत बसलेली असायचीस. "कुणाकुणावर लिवत्यात गं ही माणसं? माझ्यावर दोन ओळी कवा लिवणार तू?" मी म्हणायची, "तू मेल्यावर. जितेपणी लिहिलं तर चुका काढशील." त्यावर तू खो खो हसायचीस. मला वाटायचं, ही बाई मला पोचवूनच जाणार. आता बसलेय लिहायला, आणि चुका काढायला तू नाहीस, याचाच राग येतोय.

आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. आपण दोघी निपाणीजवळच्या बोरगावच्या. बेळगावच्या वडगावातल्या एकाच विणकर घरात दोघा भावांना दिलेल्या. आधी तू आलीस, मग काही वर्षांनी तूच माझं स्थळ जुळवून मला ओढून आणलंस. सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. गल्लीतल्या बायका तेव्हा म्हणाल्या होत्या, ह्या दोघी एक तर घराचं सोनं करतील न्हाय तर होळी. आपण दोन्ही केलं. मी मराठी शाळेत शिकवायची, तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणायचीस, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना आपण भांडायचो. भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच. गल्लीत कुणाच्या तरी घरी निजलेली बाळंतीण.

त्याला कारणही तसंच होतं. तुझं पहिलं बाळंतपण बोरगावात आईनं केलं, तेव्हा मी शाळेतली पोर होते. आईनं तुला आपल्या रीतीप्रमाणं खाटेवर घातलं. खाली शेगडी, कानाला फडकं, दारंखिडक्या बंद, पाणी घोटभर, आणि खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. लेकीला विसावा मिळावा म्हणूनच हे सगळं. आईच्या मायेत खोट काढायची माझी हिंमत नाही, तुझीही कधी झाली नाही. तुझा प्रकाश पाळण्यात मजेत होता. मग एके दिवशी तुझा डावा पाय सुजला. एकच. पोटरी टणक, कातडी ताणून चकाकायला लागलेली, हात लावला तर गरम. आई म्हणाली, वात धरलाय. आपल्या मावशीनं तेल कोमट केलं आणि पायाशी बसून घोट्यापासून मांडीपर्यंत जोर लावून चोळलं. मावशीचा हात बोरगावात नावाजलेला. बाळंतिणीच्या घरची माणसं तिला बोलवायला यायची. तू उशी दातात धरून पडून होतीस.

दुसऱ्या दिवशी तू उठून बसायला गेलीस आणि तुला श्वासच घेता येईना. श्वास ओढला की छातीत सुरी खुपसल्यागत होतंय, म्हणालीस. खोकलीस तर फडक्यावर रक्त. कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय, कुणी म्हणालं लिंबू उतरवा. दाजी नेमके तुला बघायला आले होते. त्या मुखदुर्बळ माणसानं त्या दिवशी कुणाचं ऐकलं नाही. जीप ठरवली, तुला उचलून आत घातलं आणि निपाणी, तिथून तडक बेळगाव.

पुढचं तूच मला इतक्यांदा सांगितलंस, की आता मीच तिथं होते असं वाटतं. धोका टळल्यावर डॉक्टरीणबाई तुझ्या खाटेवर बसून बोलल्या. पायाच्या आतल्या शिरेत रक्त साकळून गुठळी झाली होती. बाळंतपणात बाईचं रक्त तसंही लवकर साकळतं, जास्त वाहून जाऊ नये म्हणून देहानंच केलेली ती सोय असते. त्यात माणूस निजून राहिला, पाणी कमी प्याला, की पायातलं रक्त वर सरकत नाही. पोटरी हलली तरच ती शीर दाबली जाते आणि रक्त वर जातं. त्या गुठळीचा तुकडा सुटला आणि फुप्फुसात जाऊन अडकला.

"मग त्ये चोळलं त्ये?" तू विचारलंस.

"चोळायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एकच पाय सुजला, दुखला, तर हात लावायचा नाही. सरळ दवाखान्यात यायचं. आणि दम लागला तर एक मिनिटही थांबायचं नाही."

मावशी दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली. पुढं कितीतरी वर्षं ती म्हणायची, "डाक्टर काय, समदं आमच्यावरच ढकलत्यात." तुला मात्र मी मावशीविरुद्ध एक अक्षर बोलताना ऐकलं नाही. प्रत्येक दिवाळीला तिच्यासाठी पहिलं लुगडं तूच काढून ठेवायचीस. मी तुझ्या जागी असते तर बोलून बोलून म्हातारीला सळो की पळो केलं असतं. तुझं मन माझ्यापेक्षा मोठं होतं, हे आता लिहून टाकते, तोंडावर कधी म्हटलं नसतं.

पोटात टोचायची इंजेक्शनं झाली, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. त्या दवाखान्यातली कानडी नर्स रोज सकाळी येऊन टाळी वाजवायची, "एळ्री आक्का, स्वल्प नडीरी." ऊठ, थोडं चाल. उठवत नसेल तेव्हा निजूनच पावलं हलव, पंजा पुढं दाब, मागं ओढ, असं डॉक्टरीणबाईंनी करून दाखवलं. तू त्यांच्या तोंडाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "म्हंजी मागावर बसल्यागतच की! एक पाय दाब, दुसरा सोड." बाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच.

बस. तिथून तुझ्या हातात जे शस्त्र आलं, ते तू मरेपर्यंत खाली ठेवलं नाहीस.

वडगाव-शहापुरात कुणाच्या घरी पाळणा हलला, की बायका खोबरं-गूळ घेऊन जायच्या आणि बाळाचं तोंड बघायच्या. कुणासारखं नाक, कुणासारखे कान. तू गेलीस की सरळ आईच्या पायाशी. पांघरूण उचलायचं, दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी बघायच्या, आणि मग हुकूम सोडायचा, "चल गं, निजल्या निजल्या माग चालव." आपल्या गल्लीतल्या पोरींना ते दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. जन्मल्यापासून खडखड ऐकलेल्या, त्या खाटेवर पडून पाय चालवायला लागायच्या. सासवा कावायच्या. "आली बया पाय बघणारी," म्हणून दार अर्धं लोटायच्या. तू उरलेल्या अर्ध्या दारातून आत जायचीस. एकदा एका सासूनं तोंडावर सुनावलं, "आमची सून, आमी बघून घेऊ." तू म्हणालीस, "बघा की! मी तरी काय म्हणूलालोय? दोनी पाय बघा म्हणूलालोय." ती सासू महिनाभर तुझ्याशी बोलली नाही, आणि नंतर तिनंच तिच्या भाचीसाठी तुला बोलावून नेलं.

मला लाज वाटायची गं तुझी. प्रकाशच्या लग्नात तू स्वतः विणलेली जांभळी शहापुरी साडी नेसली होतीस, किती देखणी दिसत होतीस! आणि त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत ते कातडीच्या रंगाचे घट्ट मोजे. त्या आजारानंतर तुझा पाय संध्याकाळी जड व्हायचा, म्हणून डॉक्टरांनी दिलेले. विहीणबाईंनी सहज विचारलं, हे काय हो? झालं. तू भर मांडवात साडी वर करून व्याख्यान सुरू केलंस. शीर म्हणजे काय, गुठळी म्हणजे काय. तिकडं अंतरपाट धरायची वेळ झालेली, भटजी "मुलाची आई कुठाय" म्हणून ओरडतायत, आणि मुलाची आई बायकांच्या घोळक्यात पोटरी दाखवत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला कोपराला धरून ओढत नेलं आणि रात्री वाट्टेल ते बोलले. तू मोजे काढत शांतपणे म्हणालीस, "सुनेच्या आईला मोटारीतनं लांबच्या लांब जायचं हाय. तिचं वजन बघितलंस? वाटंत उतरून चाल म्हणून सांगितलं. काय चुकलं?"

आणि तिरुपतीची ती बस! त्या बसमधल्या माणसांना बालाजी आठवत असेल की तू, देव जाणे. जिथं म्हणून गाडी थांबेल तिथं तू खाली उतरून गाडीला चक्कर मारायचीस आणि मला ओढायचीस. गाडी चालू असताना मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांना वळून सांगायचीस, पाय लोंबकळत ठेवू नका, हलवा. संध्याकाळपर्यंत अर्धी बस बसल्या जागी माग चालवत होती. ड्रायव्हरनं आरशात बघून क्लीनरला विचारलं, "ह्यांना काय झालंय रं?" मी खिडकीबाहेर बघत होते, आपली ओळख नसल्यासारखी. पण आक्का, पाय माझेही चालू होते. तुला दिसू नये म्हणून साडी नीट झाकून घेतली होती.

मग माझी पूजा पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून घरी आली. सातवा महिना लागल्याबरोबर तू तिच्याबरोबर दवाखान्यात गेलीस आणि डॉक्टरांना सांगितलंस, हिच्या सख्ख्या मावशीला गुठळी झालेली हाय, ध्यानात ठेवा. सिझर झालं. डॉक्टरांनी काळजीनं इंजेक्शनं दिली, दुसऱ्या दिवशी चालायला लावलं. घरी आणल्यावर तुझं राज्य सुरू झालं. पूजानं डोळे मिटले, की तू पायाशी हजर. पाणी पी. ऊठ. सोप्यापर्यंत चल. निजलीस तर माग चालव. ती पोर कुरकुरत हसायची, "मोठ्याई, आता झोपू दे गं." तुला ती मोठ्याईच म्हणायची, मावशी कधीच नाही.

तुझ्या शेवटच्या संध्याकाळी त्यावरनंच आपलं जुंपलं. मी म्हणाले, "तिचे टाके ओढतात. सारखं उठवू नको. माझ्या लेकीला जरा पडू दे."

"तुझी लेक व्हय?" तू कमरेवर हात ठेवलास. "मग मी कोण?"

"तू फौजदार," मी म्हणाले. पूजा खाटेवर हसून हसून टाके धरून बसली. तूही हसलीस आणि पुन्हा तिला सोप्यापर्यंत फिरवून आणलंस.

सकाळी तू चहाचा कप हातात घेऊन सोप्यात बसलीस आणि बसल्या जागी गेलीस. डॉक्टर आले तेव्हा मी रडायच्या आधी त्यांना एकच विचारलं, "गुठळी गेली का वो छातीत?" ते म्हणाले, नाही, हृदयाचा झटका. तुझ्या हृदयाचं औषध त्यांच्याकडंच चालू होतं, त्यांना ठाऊक होतं. तू नेहमी पैज मारायचीस, मी कशानंबी मरंन, पर गुठळीनं मरणार न्हाय. जिंकलीस बाई. त्या तसल्या घटकेलासुद्धा मला तुझा अभिमान वाटला, आणि मग जो बांध फुटला तो फुटलाच.

घर माणसांनी भरलं. भावकी, माग चालवणाऱ्या बायका, माझ्या शाळेतल्या बाई. काकतीला दिलेली एक पोर तिच्या उंचपुऱ्या लेकाला घेऊन आली आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "ह्याच्या वक्ताला आक्कानं पांघरूण उचललं म्हणून मी आज हाय." तसल्या किती आल्या, मी मोजल्या नाहीत. तुझ्या पायांना हात लावायला रांग होती. जिनं जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघितले, तिचे पाय त्या दिवशी सगळ्या गल्लीनं बघितले.

आणि या सगळ्यात पूजाकडं बघायला कुणी उरलं नाही. बाळंतिणीनं सुतकाच्या गर्दीत येऊ नये, म्हणून मोठ्या माणसांनी तिला आतल्या खोलीत घातलं आणि दार लोटलं. मोठ्याई गेली म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवण नको, पाणी नको. बाळाला पाजायची तेवढी कुशीवर व्हायची. ऊठ म्हणणारीच गेली होती, तर उठवणार कोण? माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळी माणसं अंगणात जमली होती. प्रकाश नवा टॉवेल खांद्यावर टाकून तयार. मी पूजाला चहा द्यायला आत गेले, तर मावशी तिच्या पायाशी बसलेली. बोरगावाहून ती आली होती, आता पाठीत वाकलेली, डोळ्यांना कमी दिसतं. शेजारी वाटीत कोमट तेल. "लेकराचा पाय सुजलाय गं," ती म्हणाली. "पडून पडून वात धरलाय. जरा चोळून देतो, उतरंल." आणि तिनं तळव्याला तेल लावलं.

मी बघितलं. डावा पाय. एकच. पोटरी टणक, कातडी चकाकणारी.

"हात काढ!" मी अशी ओरडले, की अंगणातली माणसं दारात आली. मावशीचा हात तसाच हवेत राहिला. मी गुडघे टेकून दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी बघितल्या, तू बघायचीस तशा. हाताच्या पाठीनं बघितलं, गरम होती. पूजाला विचारलं, दम लागतोय का? छातीत दुखतंय? ती नाही म्हणाली, पण माझ्या तोंडाकडं बघून घाबरली. मी म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

मग सुरू झाली भावकी. आज रक्षा हाय. सुतकातनं ओली बाळंतीण भाईर काढायची व्हय? तासाभराचा तर प्रश्न, रक्षा उरकून न्हेऊ की. माझे हे मध्येच अडकलेले, इकडं बघू की तिकडं. माझं कुणी ऐकेना. मला वाटलं, गेली माझी पोर. तुझ्यामागं आठवड्याच्या आत जाणार.

तेवढ्यात दाजी उठले. तू गेल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, भिंतीला टेकून बसलेले. ते आत आले, पूजाच्या पायाकडं बघितलं, आणि तो पाय त्यांनी ओळखला. गावभरची माणसं अंगणात असू देत, त्या माणसाला त्या घटकेला फक्त तुझी जीप दिसत असणार. ते वळले आणि म्हणाले, "प्रकाश, टॉवेल ठेव. गाडी काढ."

"आप्पा, रक्षा..."

"रक्षा मी सावडतो. तुझ्या आईनं तुझ्या वक्ताला ह्येच भोगलंय. आज ती असती तर स्वतःच्या रक्षेला थांबली नसती. काढ गाडी."

भावकी दारातनं बाजूला झाली. आक्का, तुला त्या माणसाचं कौतुक ऐकायला आवडायचं नाही, "लई डोक्यावर चढवू नको त्यास्नी" म्हणायचीस. पण त्या दिवशी तुझा नवरा त्या अंगणात सगळ्यांपेक्षा उंच दिसला, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

प्रकाशनं गाडी चालवली. मागं पूजा, मांडीवर बाळ, आणि शेजारी मी. मावशीला आम्ही नको म्हणत होतो, तरी ती तेलाच्या हातानं गाडीत चढून बसली. रस्ताभर ती एकच विचारत होती, "मी चोळलं न्हाय न्हवं गं? हात लागला न्हवता न्हवं?" मी म्हणत होते, न्हाय मावशी, न्हाय लागला.

दवाखान्यात पायाची तपासणी झाली, सोनोग्राफीसारखीच, पण शिरेतलं रक्त वाहताना दिसतं ती. पोटरीच्या वर, मांडीकडं जाणाऱ्या शिरेत गुठळी होती. छाती तपासली, फुप्फुस स्वच्छ होतं. लगेच इंजेक्शन दिलं. डॉक्टर तरुण होती, पूजाच्याच वयाची. तिनं आधी हेच विचारलं, "पाय चोळला का कुणी?"

"न्हाय," मी म्हणाले.

"फार बरं केलंत. गुठळी सुटून वर जाण्याचा धोका असतो. आता औषधं चालू राहतील, अंगावर पाजायलाही हरकत नाही, बरी होईल ती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बऱ्याच जणी पाय फुगून दोन-चार दिवस घरीच काढतात. तुम्ही लगेच ओळखलंत."

"मी न्हाय ओळखलं," मी म्हणाले. "हिच्या मोठ्या आईनं ओळखलं."

"कुठं आहेत त्या? बोलवा ना, भेटते मी त्यांना."

आक्का, मी प्रकाशकडं बघितलं. प्रकाशनंच सांगितलं, आज तिची रक्षा हाय म्हणून. त्या पोरीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग ती प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेली.

"मग मी कोण?" विचारलं होतंस ना त्या संध्याकाळी? माझं उत्तर घाईत चुकलं, आता नीट देते. तू तिची आई. मी तिला जन्म दिला, आणि तू तिला दुसऱ्यांदा दिलास, तेही स्वतः राख होऊन स्मशानात असताना. फौजदार म्हटलेलं मागं घेत नाही, ते खरंच आहेस. पण आईही आहेस.

एक गोष्ट मात्र सोडत नाही हं. पाण्याचं तुझं खरं, चालण्याचं तुझं खरं, न चोळण्याचं तर शंभर टक्के तुझं. कानाला फडकं बांधण्यात मात्र काही वावगं नाही, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. मी त्या डॉक्टरला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, बांधा की. तेव्हा आपला हिशेब तिथं बरोबरीत सुटलाय.

पूजा आता घरी आहे. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत, सूज उतरतेय. सोप्यातल्या तुझ्या खुर्चीपर्यंत चालत जाते, बाळाला घेऊन तिथं बसते आणि परत येते. मी मागोमाग तांब्या घेऊन. परवा तिनं मला म्हटलं, "आई, तू मोठ्याईसारखी करूलालीस." मी दुसरीकडं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले, आणि म्हटलं, "गप. पाणी पी."

तुझं बारावं झालं आणि मावशी बोरगावला गेली. जाताना तिनं तुझ्या फोटोपुढं तेलाची वाटी पालथी घातली आणि पदरानं हात पुसले. मला वाटलं, म्हातारी आता हाय खाणार. काल दुपारी तिचा फोन आला. तिच्या नातसुनेचं बाळंतपण झालंय, आजच घरी आणली, म्हणाली. आवाज एकदम खणखणीत. मी विचारलं, "पोरगा का पोरगी गं मावशी?"

"त्ये अजून बघितलं न्हाय," मावशी म्हणाली. "आधी पाय बघितलं. दोनी सारखं हायती."